पप्पांचं नाक

डोंबिवलीच्या माणसाला वासाबद्दल काही विचारू नये, असं माझ्या सासरी म्हणतात. ते ठाण्याचे, खोपटला राहणारे. लग्न ठरवायला पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा रिक्षातून उतरल्या उतरल्या सासूबाईंनी पदर नाकाला लावला. त्यांना सर्दी झाली असेल असं वाटून आम्ही आल्याचा चहा टाकायला धावलो. आमच्या चाळीपासून केमिकलच्या कंपन्या चालत दहा मिनिटांवर. आम्ही त्या वासात जन्मलो, त्यातच अभ्यास केला, त्यातच जेवलो. आम्हाला तो यायचाच नाही. मी नऊ वर्षांची असताना पप्पा मला पहिल्यांदा डोंगरावर घेऊन गेले, तेव्हा अर्धा चढ झाल्यावर मी त्यांना विचारलं होतं, "पप्पा, आज कंपनी बंद आहे का?"

"का गं?"

"काहीतरी नाहीये."

पप्पा वाटेतच खाली बसून हसले. त्यांना एवढं हसायची सवय नव्हती, म्हणून मी जरा घाबरले. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "काय नाहीये ते सोड. काय आहे ते सांग. डोळे मीट, नाक वर कर आणि सांग."

मी डोळे मिटले. वाळक्या पानांचा वास होता, तो आधी सांगितला. मग शेळ्यांचा. मग कुठूनतरी काहीतरी गोड. प्रत्येकाला पप्पा "कसा?" म्हणून विचारत राहिले. शेळ्यांचा कसा? तर वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलांसारखा. गोड कसा? तर आधी साखरेसारखा आणि मागून औषधासारखा. ते मान हलवायचे आणि चालायला लागायचे, तोंडात काहीतरी घोळवत असल्यासारखे. मला वाटलं हा खेळ आहे. खेळ नव्हता, हे कळायला मला तीन वर्षं लागली. पप्पांना वास येत नव्हता, कसलाच.

त्याआधी त्यांचं नाक प्रसिद्ध होतं. रंगाचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कंपनीत ते ऑपरेटर होते. तिथे मोठ्या बंद टाकीत मालाची एकेक बॅच दहा-दहा, बारा-बारा तास शिजायची. शिजली की नाही हे बघायला थोडा माल काढून लॅबमध्ये पाठवायचा, आणि लॅबचं उत्तर यायला तास लागायचा. पप्पा टाकीचं झाकण जरासं उघडून वाफेत नाक घालायचे आणि म्हणायचे, "झाली." किंवा म्हणायचे, "अजून वीस मिनिटं." लॅबचं उत्तर मागाहून यायचं आणि तेच असायचं. कंपनीत त्यांना 'नाकवाले' म्हणत. हे मला मम्मीने सांगितलं, पण अभिमानाने नाही, चिडून. "वाफेत तोंड घालायची काय गरज होती? लॅब आहे ना? पण नाही, शाबासकी पाहिजे." ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं, ही म्हण मम्मी पप्पांना उद्देशून दिवसातून एकदा तरी वापरायची.

नाक नेमकं केव्हा गेलं ते त्यांनाही सांगता येत नसे. हळूहळू गेलं असणार. एका रविवारी विहारात वंदनेला बसलेले असताना उदबत्तीचा धूर सरळ त्यांच्या तोंडावर येत होता, आणि त्यांना फक्त डोळ्यांत झोंबलं. घरी येऊन त्यांनी लसूण सोलून नाकाशी धरला, मग रॉकेलची बाटली, मग मम्मीच्या डोक्याच्या तेलाची. मम्मी स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघत होती. ती काही बोलली नाही, आणि ती बोलली नाही म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

डोंगर त्यांना कंपनीतल्या एका सोबत्याने दाखवलेला. त्याचं गाव खडवलीच्या आतल्या बाजूला. स्टेशनवर उतरून टमटमने पाऊण तास, मग शेतांच्या बांधावरून पाड्यापर्यंत, आणि पाड्याच्या मागून थेट वर. डोंगराला काही नाव असेल तर मला माहीत नाही. पाड्यावरचे लोक त्याला नुसतं 'वर' म्हणतात. "वर चालले का?" असं विचारतात आणि आपल्या कामाला लागतात. चढ अगदी छातीवर येतो. साग, ऐन, मधे मधे करवंदीच्या जाळ्या, आणि वाट अशी उभी की पुढच्या माणसाच्या टाचा आपल्या डोळ्यांसमोर. मुळांच्याच पायऱ्या झाल्या आहेत. उन्हाळ्यात सागाच्या वाळक्या पानांवरून पाय असा घसरतो की चार पावलं वर आणि एक खाली. दीड तासाने झाडं एकदम संपतात आणि आपण वरच्या माळावर येतो. तिथून भातसा नदीची वळणं दिसतात, कसाऱ्याकडे जाणारे रूळ, माहुलीचे सुळके, आणि उलट्या बाजूला खूप लांब एक धुरकट पट्टा.

"ती आपली डोंबिवली," पप्पा म्हणायचे. "तो पांढरा धूर दिसतो ना, ती आमची कंपनी."

मला तो पांढरा धूर आयुष्यात एकदाही दिसला नाही. मी दरवेळी "हो, दिसला" म्हणायचे. त्यांना मात्र तो ढगाळ दिवसातसुद्धा दिसायचा.

पप्पांची ड्युटी तीन पाळ्यांची. त्यांची सुट्टी ठरावीक वाराला नसायची, दर आठवड्याला एक दिवस पुढे सरकायची, आणि सरकत सरकत दीड-दोन महिन्यांनी रविवारी यायची. तो रविवार वर जायचा. मम्मी कधीच आली नाही. गुडघे दुखतात हे सांगायचं कारण होतं. खरं कारण असं, की त्या दिवशी तिला घर मोकळं मिळायचं आणि ती दुपारभर पंखा लावून झोपायची. आम्हाला ती भाकरी, उकडलेली अंडी आणि सुकटीची चटणी बांधून द्यायची. पप्पांना गाडीतच भूक लागायची. ते बिनधास्त डबा उघडायचे आणि आजूबाजूची माणसं एकेक करून उठून पलीकडे जायची. "बघ, कशी जागा झाली आपल्याला," म्हणत पप्पा खिडकीकडे सरकायचे. मी मान खाली घालून भाकरी खायचे.

वास सांगायचा एक नियम होता. आधी डोळे मिटायचे, मग सांगायचं. बघून सांगितलेलं चालायचं नाही. "बघितलेलं मला पण दिसतंय," ते म्हणायचे. त्यामुळे मी वाटेवर दर थोड्या वेळाने थांबायचे, डोळे मिटायचे, आणि समोर काही दिसायच्या आत सांगायचे की पलीकडच्या उतारावर राब भाजतायत. पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळतात, त्याला राब म्हणतात. तो वास कसा, तर दिवाळीत फटाके संपल्यावर सकाळी अंगणात असतो तसा, पण त्यात शेण. मग वळणानंतर खरंच धूर दिसायचा आणि पप्पा माझ्याकडे असे बघायचे की जणू तो मीच काढला. निबंधात माझा नंबर यायचा, त्याचं श्रेय शाळेतल्या बाईंनी घेतलं. ते पप्पांचं होतं. पावलोपावली कोणी "कसा?" म्हणून मानगुटीवर बसलं तर कोणालाही निबंध येईल.

पंधरा-सोळाची झाले आणि मला या सगळ्याचा कंटाळा आला. मैत्रिणी रविवारी कल्याणला फिरायला जायच्या आणि मी बापाबरोबर डोंगरावर नाक वर करून उभी. मी फेकायला लागले. एकदा वाटेवर ताजं शेण पडलं होतं, पानांखाली झाकलेलं. पप्पांनी विचारलं, "इथे काय?" मी म्हणाले, "केवडा." पप्पांनी "कसा?" विचारलं. मी पाठ केलेलं बरंच काही सांगितलं, लग्नघर, अत्तर, आजीची पेटी. ते ऐकत राहिले. तो केवडा त्यांनी पार वरपर्यंत नेला, मधे दोनदा थांबून मागे वळून बघितलं. मला तेव्हा हसू आलं होतं. आता त्या दिवसाची इतकी लाज वाटते की मी शिकवते त्या वर्गात एखादा मुलगा आपल्या बापाची नक्कल करताना दिसला तरी मी विनाकारण त्याच्यावर ओरडते.

ते रविवार मला परत हवे आहेत. सगळे नकोत. एकच मिळाला तरी चालेल, तो कंटाळलेला, केवड्याचा मिळाला तरीही.

पुढे मी शाळेत शिकवायला लागले, लग्न होऊन ठाण्याला आले, आणि पप्पा रिटायर झाले. त्यांना आता रोजच रविवार होता आणि मला रविवारी दुप्पट काम. तरी वर्षातून एकदा, मार्चमध्ये, आम्ही जायचोच. मी ठाण्याहून कसारा गाडीत बसायचे, ते डोंबिवलीला ठरलेल्या डब्यात चढायचे, हातात मम्मीने दिलेली पिशवी. चढायला आता दोन तास लागायचे. नियम तोच होता आणि "कसा?" तेच होतं. मी आता मनापासून सांगायचे. मला कळलेलं होतं की वर्षभरात या माणसाला जेवढे म्हणून वास मिळतात, ते या दोन तासांत मिळतात.

दुसऱ्या लाटेत मला कोरोना झाला. चार दिवस ताप, दहा दिवस अशक्तपणा, बरी झाले. वास गेला. सगळ्यांचाच जात होता आणि पंधरा दिवसांत येत होता. माझा आला नाही. तीन महिने झाले, सहा महिने झाले. एकदा गॅसवरचं दूध करपून पातेलं काळं पडलं आणि मी तिथेच, पाठ करून भाजी चिरत होते. नवरा गॅलरीतून धावत आला. डॉक्टर म्हणाले, येईल, रोज लवंग, लिंबू आणि निलगिरीचं तेल हुंगत जा. मी रोज देवपूजेला बसावं तशी बसून हुंगायचे. सासूबाईंना ते पूजेपेक्षा जास्त मनापासून वाटायचं, कारण पूजेला मी बसतच नाही.

मम्मीला सांगितलं, कारण मम्मीपासून काही लपत नाही. पप्पांना सांगितलं नाही, आणि तिलाही सांगू दिलं नाही. मला भीती वाटत होती. त्यांचं स्वतःचं नाक गेलं होतं, त्याच्या जागी मी होते. माझंही गेलं असं सांगितलं तर वर जायला कारणच उरणार नाही, असं मला वाटत होतं. ते अडुसष्टचे झाले होते, दम लागायचा, मम्मी तशीही जाऊ नका म्हणून मागे लागलेली. एकदा बंद झालं की कायमचं बंद झालं असतं.

म्हणून मार्च आला तेव्हा मी तयारी केली, परीक्षेची करावी तशी. कुठल्या वळणावर काय असतं, मागच्या वर्षी मी काय म्हणाले होते, ते आठवून ठेवलं. पाड्यावर चुलीचा धूर दिसला. मी म्हणाले, "चूल. लाकडं ओली आहेत, कडवट येतोय."

"हं," पप्पा म्हणाले.

पुढे करवंदीची जाळी पांढऱ्या फुलांनी भरलेली. "करवंद फुललंय. जाईसारखं, पण जरा कच्चं."

"हं."

झाडांतून बाहेर डोकावलो तर समोरच्या उतारावर धूर. "राब भाजतायत," मी म्हणाले. पप्पा परत "हं" म्हणाले. एकदाही त्यांनी "कसा?" विचारलं नाही. मला वाटलं दम लागलाय, बोलवत नसेल. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. निम्मा पेपर सुटला होता.

त्याच्या पुढच्या वळणावर मोहाचं झाड आहे. ते वाटेवरून दिसत नाही, एका मोठ्या दगडाच्या मागे, खालच्या अंगाला आहे. मार्चमध्ये सकाळी त्याच्याखाली फुलांचा सडा असतो आणि वास पन्नास पावलांवरून अंगावर येतो. गोड, दारूसारखा, डोकं जड करणारा. त्या जंगलात त्याच्याइतका दांडगा वास दुसरा नाही. इतक्या वर्षांत मार्चमध्ये त्या वळणावर मी थांबले नाही असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी मी सरळ पुढे गेले. जे दिसलं नाही ते माझ्या लक्षातच आलं नाही. मी वाळक्या पानांबद्दल काहीतरी बडबडत होते.

मागची पावलं ऐकू येईनात म्हणून वळले. पप्पा वाटेवर नव्हते.  हाक मारणार तेवढ्यात ते दगडाच्या मागून आले, गुडघ्यांना माती लागलेली, एक हात दगडाला धरून. दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली. ती त्यांनी माझ्या नाकाशी धरली.

"डोळे मीट. सांग."

मी डोळे मिटले. त्यांचा हात कोमट होता. बाकी काही नव्हतं. मी जोरात श्वास घेतला, तरी काही नव्हतं.

"करवंद," मी म्हणाले.

डोळे उघडले तर मूठ उघडी होती आणि तिच्यात मोहाची सहा-सात फुलं, पिवळट, रसाने फुगलेली.

"कधीपासून?" पप्पांनी विचारलं.

"गेल्या एप्रिलपासून."

"म्हणजे वर्ष झालं." ते मुळावर बसले. मलाही शेजारी बसायला सांगितलं. "माझ्यासमोर कसलं नाटक करतेस गं. हे नाटक मी बारा वर्षं केलेलंय."

ती गोष्ट मला माहीत नव्हती. त्यांचं नाक गेलंय हे घरात आम्हाला माहीत होतं. कंपनीत त्यांनी ते कोणाला सांगितलंच नव्हतं.

"नोकरी जाईल असं वाटायचं," ते म्हणाले. "नाकवाल्याला नाक नाही तर त्याला ठेवतील कशाला? सुपरवायझर विचारायचा, झाली का? मी आपला झाकण उघडायचो, नाक घालायचो, पहिल्यासारखंच. येत काहीच नसायचं. फेस बघायचो. कडेचा रंग बघायचो. घड्याळ बघायचो. नवीन आलेल्या पोरांना विचारायचो, काय वाटतं रे तुला, त्यांना शिकवतोय असं दाखवून. आणि म्हणायचो, झाली. घरी येऊन झोप लागायची नाही. एखाद्या दिवशी चुकलो तर?"

"मग?"

"मग एक दिवस नाही सहन झालं. गेलो साहेबांच्या केबिनमध्ये. म्हटलं, साहेब, मला वास येत नाही. तर तो म्हणतो, माहितेय. म्हणजे? म्हणतो, सगळ्यांना माहितेय. तुम्ही झाली म्हणालात की आम्ही दरवेळी माल लॅबला पाठवतो की." पप्पा हसायला लागले. "बारा वर्षं मी घाबरून मेलो, आणि त्यांना पहिल्या वर्षापासून माहीत. ज्याला येत नाही ना, तो आधी बघतो आणि मग बोलतो. तू सकाळपासून बघतेयस."

मला रडू आलं. पकडली गेले म्हणून नाही. या माणसाने बारा वर्षं जे एकट्याने सोसलं, त्याच्या डोळ्यांसमोर मी तेच करत होते आणि स्वतःला हुशार समजत होते. मी त्यांना म्हणाले की मला वाटलं, आता वर जायला काही कारण उरणार नाही.

"कारण?" ते म्हणाले. "डबा खायचा नाही का?" मग फुलं खाली टाकून त्यांनी हात पँटला पुसले. "येत नसेल तर येत नाही म्हणायचं. तोंड आहे ना? मला म्हणायला बारा वर्षं लागली. तू एवढी लावू नकोस."

उरलेला चढ ते पुढे होते आणि मी मागे, आणि सांगत ते होते. "इथे ऐन. साल ओली असली की फळा पुसायच्या डस्टरसारखा येतो. चौथीत असताना म्हणालेलीस." मला आठवत नव्हतं. "या जाळीत काहीतरी मेलेलं असायचं, दोन वर्षं सलग. नववी आणि दहावी. इथे तुला नव्या चपलेचा वास आलेला, आणि आपण भांडलेलो, कारण चपला जुन्याच होत्या." दम लागला की थांबायचे, एका हाताने झाड धरायचे आणि पुन्हा सुरू. एका जागी थांबून ते अगदी सरळ तोंडाने म्हणाले, "आणि इथे केवडा."

मी बोलायला तोंड उघडलं.

"तेव्हाच कळलेलं," ते म्हणाले. "केवडा काय डोंगरावर असतो?"

"मग काही बोलला का नाहीत?"

"तू इतकं छान सांगितलंस. मला वाटलं, असू दे, केवडा कसा असतो ते तरी कळलं."

ज्या माणसाला माझ्या वाढदिवसाची आठवण मम्मीने करून द्यावी लागे, त्याला हे सगळं वर्षवारीने पाठ होतं. मी त्यांच्या टाचांकडे बघत चढत होते आणि माझ्याच शब्दांतून मला, जेमतेम, काहीतरी येत होतं. वास नव्हे. पण अगदीच काही नाही असंही नव्हतं.

वर आम्ही जेवलो. हवा बरी होती, नदी दिसत होती, मावळतीकडे तो धुरकट पट्टा. पप्पांनी बोट दाखवलं. "तो पांढरा धूर. दिसतो?"

"नाही दिसत," मी म्हणाले. "कधीच नाही दिसला."

ते इतके खूश झाले की त्यांनी आपल्या वाटणीचं अंडं मला दिलं.

ते आमचं शेवटचं वर जाणं. वर्षावास चालू होता, ऑगस्टमध्ये, पप्पा गेले. सकाळी विहारात जाऊन आले, पेपर उघडून बसले, आणि मम्मीने चहा आणला तोवर नव्हते. मी पोचले तेव्हा घरात माणसं भरली होती, मेणबत्त्या, उदबत्त्या, फुलांचा ढीग. त्या दिवसाचा एकही वास माझ्याकडे नाही. जलदानविधी झाला, पुण्यानुमोदन झालं, लोक आले आणि गेले. मम्मीने पप्पांचे सगळे कपडे धुतले, इस्त्री केले आणि ज्याला लागतील त्याला वाटून टाकले. मी ठाण्याला परत आले आणि सकाळी लवंग हुंगायला बसले, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

वास परत यायला लागला तो पुढच्या वर्षी, थंडीत, आणि तोही मोजका. आधी कांदा. मग पेट्रोल. मग शाळेतलं फिनाईल. आणि एका रविवारी डोंबिवलीला रिक्षातून उतरले तर कंपन्यांचा. आयुष्यात पहिल्यांदाच मला तो आला. सासूबाईंचं बरोबर होतं, भयंकर आहे. सडक्या फळांत कोणीतरी रबर जाळतंय असा. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले, आणि पहिला विचार आला तो असा, की घरी गेल्या गेल्या पप्पांना सांगू. दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला.

घरी मम्मी तांदूळ निवडत होती. मी तिला म्हणाले की चार वास आले. ती ताट बाजूला ठेवून उठली, खुर्ची ओढून कपाटाला लावली आणि मला म्हणाली, "चढ. माझ्याने नाही होत. मागे हात घाल."

कपाटावर मागच्या बाजूला एक प्लॅस्टिकची पिशवी होती, घट्ट गाठ मारलेली. तिच्या आत अजून एक, तिलाही गाठ. आत पप्पांचा क्रीम रंगाचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता, गेले त्या दिवशी विहारातून आल्यावर त्यांच्या अंगात होता तो. कॉलर मळलेली होती.

"हा नाही धुतला," मम्मी म्हणाली. "तुझ्यासाठी ठेवला. मी एकदापण उघडला नाही. सारखा उघडला की उडतो वास." ती खाटेवर बसली, गुडघ्यावर हात ठेवून. "तू सांगायचीस ना त्यांना सगळं. मला सांग, कसा येतो ते."

मी शर्ट दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पंचवीस वर्षं मी पप्पांना पानांचा, शेळ्यांचा, धुराचा, मेलेल्या उंदराचासुद्धा वास सांगत होते, आणि त्यांचा स्वतःचा कधी सांगितला नव्हता. त्यांनी विचारला नव्हता आणि मला तो कधी आलाच नव्हता. घरातला वास घरातल्यांना येत नाही. माझ्याकडे त्याच्यासाठी एक शब्दही नव्हता.

मी कॉलर नाकाशी धरून श्वास घेतला. परत घेतला. कापड होतं.

डोळे उघडले तर मम्मी माझ्या तोंडाकडे बघत होती. साबण म्हणता आलं असतं. घाम, खोबरेल तेल, काहीही म्हणता आलं असतं, आणि मला इतकं चांगलं सांगता येतं की तिला तो आलाही असता. एक वर्ष आणि वर काही महिने ती हा शर्ट न उघडता त्याच्याखाली झोपली होती.

"नाही येत, मम्मी," मी म्हणाले.

तिने मान हलवली. शर्ट माझ्या हातातून घेतला, आपल्या अंगापासून लांब धरून त्याची घडी घातली, स्वतःच्या तोंडाजवळ जराही न आणता. पिशवीतली हवा हाताने दाबून काढली आणि गाठ मारली. मग दुसऱ्या पिशवीलाही मारली.

"येईल," ती म्हणाली. "आला की ये. तोवर मी नाही उघडत."

मी परत खुर्चीवर चढले आणि पिशवी होती तिथे ठेवली.